पदक दिसते, पलटण दिसत नाही!

१ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस शर्यत झाली. करोनामुळे ही स्पर्धा एक वर्ष लांबली होती. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे ८ मिनिटे १९.५० सेकंदांत पहिला आला. स्पर्धेचा जुना विक्रम मोडला. आशियाई स्पर्धेत या शर्यतीचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. तीनच दिवसांनी ५००० मीटरमध्ये त्याने रौप्यपदकही आणले. मग महाराष्ट्रात चौकाचौकांत फलक लागले. दुष्काळी भागाचा पोरगा, शेतकऱ्याचा पोरगा, मराठमोळा गडी, सगळी विशेषणे वापरून झाली. फलकावर अविनाशचा फोटो लहान आणि पुढाऱ्याचा मोठा, हेही नेहमीप्रमाणे झालेच.

पण हा पोरगा कोणाच्या भाकरीवर धावला, त्याच्या पायात बूट कोणी घातले, सरावासाठी त्याला कामातून मोकळे कोणी केले, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. उत्तर सरळ आहे. अविनाश साबळे हा भारतीय लष्कराच्या ५ महार पलटणीत भरती झालेला जवान आहे.

आता वर दिलेल्या तारखेकडे पुन्हा पाहा. महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. त्याला बरोबर ८२ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी त्याच रेजिमेंटचा जवान आशिया खंडात पहिला आला. हा योगायोग आहे. आम्ही त्यात ग्रहतारे शोधत नाही, ते काम करणारे या देशात दुसरे पुष्कळ आहेत. पण योगायोगामागे इतिहास असतो, आणि तो आपल्या लेकरांना आपणच सांगितला पाहिजे.

लष्कराचे हे दार आपोआप उघडले नव्हते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत ज्यांनी रक्त सांडले, ज्यांची नावे भीमा नदीकाठच्या विजयस्तंभावर कोरलेली आहेत, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना इंग्रज सरकारने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढवय्या जाती'चे धोरण पुढे करून भरती बंद केली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. कामापुरता मामा! १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि महार रेजिमेंट उभी राहिली.

बाबासाहेबांना लष्कराची नोकरी एवढी महत्त्वाची का वाटत होती? ते काही युद्धाचे शौकीन नव्हते. ते सुभेदार रामजींचे पुत्र होते. महूच्या लष्करी शाळेत रामजी मुख्याध्यापक होते. लष्कराची नोकरी म्हणजे खांद्यावर बंदूक एवढेच नव्हे, तर महिन्याच्या महिन्याला पगार, मुलांना शाळा, म्हातारपणी पेन्शन आणि गावच्या पाटलापुढे न वाकणारी मान, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. ज्या घरात पगार येतो त्या घरात पुस्तक येते. पुढे त्याच घरात पळण्याचे बूटही येऊ शकतात, हा मुद्दा आम्हाला आज मांडायचा आहे.

एक गोष्ट येथे स्पष्ट करतो. आज महार रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. अविनाशची जात कोणती याच्याशी आम्हाला काही देणेघेणे नाही. जुलै २०१८ मध्ये आसामची हिमा दास २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४०० मीटर शर्यत जिंकली, तेव्हा या देशातील असंख्य लोक गूगलवर तिची जात शोधत बसले होते. तो उद्योग त्यांचा त्यांना लखलाभ. आम्ही जात विचारत नाही, पलटण विचारतो. एका समाजाने भांडून उघडलेल्या दारातून आज सगळ्यांची पोरे आत जातात, याचा आम्हाला अभिमान आहे. ज्यांना आरक्षण म्हणजे फक्त 'त्यांचे' लाड वाटतात, त्यांनी यावर जरा विचार करावा.

स्टीपलचेस ही शर्यत काय असते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसेल. तीन हजार मीटर धावायचे, म्हणजे ट्रॅकच्या साडेसात फेऱ्या. त्यात २८ वेळा अडथळ्यावरून आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. हा अडथळा हर्डलसारखा धक्का लागून पडत नाही. लाकडाची जाड तुळई असते ती. पाय अडकला की पडतो तो माणूस. दम आणि उडी दोन्ही लागतात, आणि थकलेल्या पायांनी पुन्हा पुन्हा उडी मारावी लागते. केनियाने या शर्यतीवर असे काही राज्य केले की राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा वेळा सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी तिन्ही पदके त्यांनीच नेली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ती साखळी अविनाशने तोडली. ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्ण हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने.

हा माणूस लहानपणी घर ते शाळा सहा किलोमीटर पायी किंवा पळत जायचा, कारण गावात एसटीची सोय नव्हती. आईबाप वीटभट्टीवर आणि शेतात राबणारे. बारावी झाल्यावर तो लष्करात गेला तो धावपटू म्हणून नव्हे, पोटासाठी साधा शिपाई म्हणून. २०१३-१४ मध्ये सियाचिनच्या बर्फात, नंतर राजस्थानच्या वाळवंटात, २०१५ मध्ये सिक्कीमला. तिथे लष्कराच्या अंतर्गत क्रॉसकंट्री स्पर्धेत तो धावू लागला. मध्ये वजन वाढले. ते उतरवून पुन्हा उभा राहिला. २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. २०१८ ची आशियाई स्पर्धा घोट्याच्या दुखापतीमुळे हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, म्हणजे ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ही वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणली आणि त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरीही गाठली.

या वर्षांचा हिशेब वाचकांनी मनात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

अविनाश हा अपवाद आहे काय? नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणले; २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकले. तिच्या पाठीशी नोकरी होती ओएनजीसीची. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर. माण म्हणजे पाण्यासाठी वणवण. तिने २०१४ मध्ये इंचॉनला आशियाई कांस्य घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. ती नोकरीला होती रेल्वेत. निफाड तालुक्यातील देवगावचा सर्वेश कुशारे शाळेत उंच उडीचा सराव करायचा तेव्हा पडायला गादी नव्हती. त्याच्या क्रीडाशिक्षकांनी मक्याचा भुसा आणि कापूस भरून गादी तयार केली. त्याने २०१९ मध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेत २.२१ मीटर उडी मारून सुवर्ण जिंकले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटरसह सहावा आला. तोही लष्करात.

लष्कर, रेल्वे, ओएनजीसी. मिल्खा सिंग लष्करातले, पी. टी. उषा रेल्वेतल्या. भारताचे अॅथलेटिक्स हे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे सरकारी नोकरीच्या खांद्यावर उभे आहे. क्रिकेटमागे राजे-महाराजे होते, जिमखाने होते, कंपन्या होत्या. धावणाऱ्यामागे फक्त शासकीय वेतनाची पावती होती. आता काही बड्या कंपन्यांनी खेळाडू दत्तक घ्यायला सुरुवात केली आहे, हे खरे आहे आणि त्यातून काहींचे भले झाले आहे. पण कंपनी येते ती पोरगा पहिला आल्यावर. तो सतराव्या, अठराव्या, विसाव्या क्रमांकावर असतो तेव्हा त्याला कोणी पोसत नाही. त्या वर्षांत पोसते ती नोकरी.

'खेळात जात नसते' असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. पळवणकर बाळू यांना विचारायला हवे होते! पुण्याच्या मैदानावर त्यांची गोलंदाजी चालायची, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाचे कप्तानपद कधीच दिले नाही. (पुढे हेच बाळू काँग्रेसतर्फे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो भाग वेगळा.) अॅथलेटिक्समध्ये एक बरे आहे, घड्याळाला आडनाव वाचता येत नाही. ८ मिनिटे १९ सेकंद म्हणजे ८ मिनिटे १९ सेकंद. निवड समितीत बसलेल्या कोणाला तेथे 'तंत्र' आणि 'संस्कार' काढता येत नाहीत. म्हणूनच गरिबांची पोरे धावण्यात पुढे आली. पण घड्याळापर्यंत पोहोचायला जे दूध, अंडी, बूट, मैदान आणि वेळ लागतो, तो कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हे मात्र अजून जन्मावरच ठरते.

आता आमच्या कोपरीकडे या. कोपरी म्हणजे रेल्वेच्या पूर्वेचे ठाणे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हापासून हे शहर दोन भागांत चिरले गेले. स्टेशन, बाजार, नाट्यगृह, स्टेडियम, सगळे पश्चिमेला. पूर्वेला खाडी, मीठबंदर, जुने कोळी, फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित आणि आपल्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या. पहाटे पाचच्या सुमाराला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला कोणीही जाऊन पाहावे. ट्रक, टेम्पो, धूळ, आणि त्या कडेने एका रांगेत पळणारी पोरे-पोरी. पायात फाटलेले कॅनव्हासचे बूट. कोणाच्या हातात मोबाइलवर स्टॉपवॉच. ती काही आशियाई स्पर्धेसाठी पळत नाहीत. ती पोलीस भरतीसाठी पळतात.

आमच्या वस्त्यांचे अॅथलेटिक्स म्हणजे पोलीस भरती! हे उपहासाने म्हणत नाही. शिपाई पदाची मैदानी चाचणी पाहा: मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. एकूण ५० गुण. हे शुद्ध ट्रॅक अँड फील्ड आहे. लाखो पोरे वर्षानुवर्षे हा सराव करतात. एवढी धावणारी तरुण माणसे असलेल्या राज्याला आशियाई पदके मोजायला एका हाताची बोटे पुरतात, याचे कारण त्या पोरांच्या पायांत नाही. त्यांना प्रशिक्षक नाही, ट्रॅक नाही, डॉक्टर नाही. भरतीची जाहिरात आली की तीन महिने पळायचे, भरती झाली नाही की पुन्हा कुरिअरच्या गाडीवर.

याची किंमत जिवाने मोजली गेली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळून मेले. ओरड झाल्यावर सरकारने अंतर कमी केले. दहा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, आपल्याच ठाणे जिल्ह्यात बाळेगावला राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना पुन्हा एक तरुण गेला. गावाहून रात्रीच्या गाडीने यायचे, फलाटावर किंवा पुलाखाली झोपायचे, वडापाववर दिवस काढायचा आणि सकाळी उठून जीव तोडून पळायचे. आशियाई स्पर्धेच्या धावपटूला शर्यतीआधी किती तास झोप, किती वाटी भात आणि किती पाणी हे सांगणारी माणसे असतात. इथे साधे पाण्याचे पिंप असले तरी नशीब. धावण्याने माणूस मरत नाही. उपाशीपोटी, बिनसरावाने, नोकरीच्या शेवटच्या संधीच्या भीतीने धावल्याने मरतो.

मुलींचे हाल तर विचारू नका. अंधारात घराबाहेर पडायचे, टोमणे ऐकायचे, कपडे बदलायला जागा नाही, जवळपास उघडे स्वच्छतागृह नाही. म्हणून पाणीच प्यायचे नाही! ८०० मीटरची तयारी करणारी मुलगी पाणी पीत नाही, कारण शहरात तिच्यासाठी मुतारी नाही. ही गोष्ट क्रीडा खात्याच्या कोणत्याही अहवालात सापडायची नाही. कविता आणि ललिता यांचे कौतुक करणाऱ्या महानगरपालिकांनी आधी याचे उत्तर द्यावे.

आणि आता तो वर्षांचा हिशेब. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. शिपाई म्हणून भरती फक्त चार वर्षांसाठी. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे घरी, पेन्शन नाही. समजा ही योजना अविनाशच्या वेळी असती. २०१३ पासून मोजले तरी त्याची चार वर्षे २०१७ मध्ये संपली असती. २०१७ मध्ये त्याच्या नावावर काय होते? राष्ट्रीय विक्रम नव्हता, आंतरराष्ट्रीय पदक नव्हते. स्टीपलचेस नुकतीच सुरू झाली होती. पुढच्या वर्षी तर घोटा दुखावला. कोण सांगू शकेल की त्या २५ टक्क्यांत त्याचा नंबर लागलाच असता? न लागता तर बीडचा एक माजी अग्निवीर एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावर, निळा गणवेश घालून, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत बसला असता.

यावर सरकारी बाजूचे लोक म्हणतील, नामवंत खेळाडूंना लष्करात थेट भरतीची वेगळी सोय आहे. आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण ती ज्याने आधीच पदक आणले त्याला. अविनाश भरती झाला तेव्हा त्याला कोण ओळखत होते? तो धावपटू झाला तो भरती झाल्यानंतर, सियाचिन-राजस्थान-सिक्कीम करून, चौथ्या-पाचव्या वर्षी. लांब पल्ल्याचा धावपटू असाच हळूहळू तयार होतो. त्याला दहा वर्षे लागतात. चार वर्षांच्या नोकरीत ती मावत नाहीत.

राज्याचेही काही वेगळे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी नोकरभरती करण्याचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो रद्द करावा लागला. म्हणजे हांगझोऊला ज्या दिवशी महाराष्ट्राचा शिपाई सुवर्णपदक गळ्यात घालत होता, त्या दिवशी महाराष्ट्रात शिपायाची नोकरी ठेकेदाराकडे देणारा कागद जिवंत होता. आमच्या पक्षाने हे सुरू केले नाही, तुमच्या पक्षाने केले, असे त्यावर सर्वांनी एकमेकांना सांगून झाले. पक्ष कोणताही असो, कंत्राट तेच. आणि कंत्राटात सामाजिक आरक्षण नसते तसे खेळाडूंचे पाच टक्के समांतर आरक्षणही नसते, हे विसरू नये. त्या पाच टक्क्यांतही बोगस प्रमाणपत्रांचा घोटाळा झाला, आयुष्यात मैदान न पाहिलेले लोक खेळाडू म्हणून चिकटले. चोरी झाली म्हणून घराला कुलूप लावतात, घर मोडत नाहीत.

पदक आल्यावर मात्र पैशांची कमी नसते. ऑक्टोबर २०२३ मध्येच राज्य सरकारने आशियाई सुवर्णपदक विजेत्यांसाठी एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या वेळचे मुख्यमंत्री आमच्याच कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघाचे आमदार होते. बक्षीस दिले, चांगले केले. अविनाशने ते कष्टाने मिळवले आहे, त्यावर आमचा एका पैशाचाही आक्षेप नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ज्या मतदारसंघातून ही घोषणा करणारा माणूस निवडून गेला, तेथील पोरे अजून महामार्गाच्या कडेला का पळतात?

कोणी म्हणेल, पश्चिमेला दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह आहे की. आहे. (हे नाव राज्याच्या क्रीडा मार्गदर्शक पुरस्कारातून वगळले गेले, ठाण्याच्या स्टेडियमवर मात्र टिकून आहे.) तेथे रणजीचे सामने झाले, २०२२ मध्ये आयपीएलच्या संघांना सरावासाठी ते दिले. क्रिकेटच्या खेळपट्टीला तेथे जी काळजी मिळते तिच्या पावपट काळजी जिल्ह्यातील धावपटूंना मिळाली असती तरी खूप झाले असते. तिकडे डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाच्या मैदानावर सभा आणि प्रदर्शने. मांडव उतरला की खिळे आणि खड्डे तसेच, आणि त्यावर अनवाणी पोरे.

आम्ही अशक्य काही मागत नाही. ४०० मीटरच्या पूर्ण ट्रॅकला साधारण १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद, म्हणजे चार एकर जागा लागते. कोपरीत तेवढी मोकळी जागा नाही, आणि खाडीतली तिवरे तोडून ती काढावी असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण १०० मीटरची सरळ धाव आखायला १३० मीटर लांब आणि सहा लेनसाठी साडेसात मीटर रुंद मातीची पट्टी पुरते. गोळाफेकीला त्याहून कमी. लांब उडीला वाळूचा एक खड्डा. आणि ज्या शाळांची मैदाने आधीच आहेत, ती पहाटे पाच ते आठ उघडी ठेवून दोन दिवे आणि एक स्वच्छतागृह दिले तर कोपरीतील निम्मा प्रश्न सुटतो. यासाठी क्रीडा धोरण लागत नाही, शिपायाला एक आदेश लागतो.

चळवळीतल्या मंडळांनाही दोन शब्द. १४ एप्रिलला डीजेच्या भिंती उभ्या करायला आपल्याकडे वर्गणी जमते. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढला तर एका वस्तीतील वीस पोरांना वर्षभर उकडलेली अंडी आणि केळी मिळतील. आपली विहारे पहाटे बंद असतात. ती उघडली तर भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना कपडे बदलायला जागा मिळेल, पाणी मिळेल, वंदना झाल्यावर तासभर लेखी परीक्षेचा अभ्यासही होईल. लष्करातून, पोलिसांतून निवृत्त झालेली आपली माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. त्यातल्या अनेकांनी पलटणीत क्रॉसकंट्री पळलेली आहे, काहींच्या ट्रंकेत जुनी प्रमाणपत्रे आहेत. आपण त्यांना जयंतीच्या मंचावर शाल देतो आणि घरी पाठवतो. शालीऐवजी त्यांच्या हातात शिट्टी आणि घड्याळ द्यावे.

कोपरीतील महानगरपालिका शाळांची मैदाने पहाटे उघडावीत, तेथे दिवे आणि मुलींसाठी स्वच्छतागृह असावे आणि १०० मीटरची एक पट्टी आखून द्यावी, एवढ्या मागण्यांचा अर्ज आम्ही नौपाडा-कोपरी प्रभाग समितीला देत आहोत. त्यावर विहार समित्यांच्या, महिला मंडळांच्या आणि विशेषतः जी पोरे-पोरी रोज पळतात त्यांच्या सह्या हव्या आहेत. चेंदणीचे कोळी बांधव, कोपरी कॉलनीतील सिंधी बांधव, ज्यांची मुले पळतात ते सगळेच यावर सही करू शकतात. अर्जाची एक प्रत आमदारांच्या कार्यालयात जाईल आणि उत्तर येईल ते, किंवा न आले तर तेही, याच जागी छापले जाईल.